आपल्या डब्यातलं तेल

इंजिन एकदा किंचाळलं आणि चालत्या गाडीतच मेलं. नवी कोरी बर्फगाडी जागीच आवळून थांबली आणि योव्ना हँडलवरून पुढे तोंडावर आपटला.

उठून त्यानं आधी कळपाकडे पाहिलं. दोघा भावांचे सगळे रेनडिअर, म्हणजे दोन्ही घरांची चूल, तळ्याकडे उधळले होते. कशानं बुजले कोण जाणे. सर्वांत पुढे त्याची पांढरी मादी, गळ्यात घंटा. त्या घंटेमागे अख्खा कळप डोळे मिटून जातो. तिला वळवायलाच तो पुढे घुसला होता, आणि गाडी चालती तर वळवलीही असती. नदी तळ्यात शिरते तिथला बर्फ नोव्हेंबरात मुळीच भरवशाचा नसतो.

त्यानं हातमोजे फेकले आणि इंजिनावरचं झाकण उचललं. टाकीत तेल नव्हतंच, गुलाबी घट्ट खळ होती. नव्या गाडीला नवं, पाण्यासारखं तेल लागतं. त्यात जुनं लाल तेल पडलं की या थंडीत दोन्ही मिळून आळून बसतात. बारीक नळी तुंबली होती आणि इंजिन कोरडं जळलं होतं. दुकानदारानं हे बजावलं होतं, आणि योव्नानं तेच थोरल्या भावाला, आस्लाकला, दोनदा बजावलं होतं.

मागून आस्लाकची जुनी गाडी खोकत आली.

"काय झालं रे? थांबलास का?"

"दादा, सकाळी माझ्या टाकीत तेल तू ओतलंस?"

"मग कोण ओतणार? तू घोरत होतास. आधी उठेल त्यानं आपल्या डब्यातलं सगळ्यांच्या गाड्यांत ओतायचं. बाप ओतायचा, मी ओततो."

"लाल?"

"असेल लाल. तेलात तेल, त्यात काय सोवळं-ओवळं?"

योव्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पहिल्याच ठोशात आस्लाकच्या नाकाचं हाड मोडलं. तो उताणा पडला तसा योव्ना त्याच्या छातीवर बसला आणि नुसत्या मुठींनी मारत सुटला. "तेलात तेल! बोल की आता! तेलात तेल!" आस्लाकनं हात उचलला नाही, नुसतं तोंड झाकलं. त्यानं तर योव्ना आणखीच पिसाळला. गाडीतून उडून शेजारी पडलेला पाना त्याच्या हाती लागला. त्यानं तो डोक्यावर नेला. त्या क्षणी त्याला भाऊ खरंच मरायला हवा होता.

तळ्यावरचा बर्फ फुटला. आवाज बंदुकीसारखा आला.

पांढरी मानेपर्यंत पाण्यात गेली होती. ती जिवाच्या आकांतानं डोकं झटकत होती आणि घंटा वेड्यासारखी वाजत होती. काठाशी थबकलेला कळप त्या आवाजावर पुन्हा हलला. एकेक जनावर बर्फावर पाय टाकू लागलं.

आस्लाकनं त्याला अंगावरून ढकललं. रक्ताबरोबर एक दात थुंकला.

"घंटा वाजतेय तोवर ते थांबायचे नाहीत. सगळे बुडतील." त्यानं जनावरं धरायचा फासाचा दोर कमरेला बांधला आणि दुसरं टोक योव्नाच्या पायाशी फेकलं. "मारून झालं असेल तर दोर धर."

तो पोटावर सरपटत गेला. योव्नानं त्या पांढरीला पिल्लू असताना बाटलीनं दूध पाजलं होतं. आता तिनं शिंगानं आस्लाकचा गाल फाडला. आस्लाकनं शिंग धरलं, मान दाबली आणि सुरी मानेमागच्या खाचेत मुठीपर्यंत घातली. गरम रक्ताची वाफ निघाली. घंटा गप्प झाली. त्यानं गळ्यातला पट्टा कापला, आणि त्याच्या पोटाखालचा बर्फ गेला.

दोर सळसळत धावला. योव्नाच्या तळहातांची सालटी निघाली. त्यानं तो मनगटाला गुंडाळला, टाचा रोवल्या आणि "दादा! दादा!" असं ओरडत ओढत राहिला. बर्फाची कड दोनदा मोडली. तिसऱ्यांदा आस्लाक वर आला, मुठीत घंटा घेऊन. काठाला लागल्यावर धड उभं राहता येत नव्हतं, तरी गुडघ्यांवर सरकत त्यानं ती वाजवायला घेतली. कळपानं कान वळवले, मग माना, आणि मग तो सावकाश त्या घंटेकडे परत आला.

तोवर आस्लाकचे कपडे पत्र्यासारखे ताठ झाले होते. योव्नानं त्याला जुन्या गाडीमागे जोडलेल्या घसरगाड्यावर कातड्यांत गुंडाळलं. मुक्काम गाठला तर भाऊ वाचणार होता. निघण्याआधी सवयीनं त्यानं जुन्या गाडीच्या तेलाचं झाकण उघडलं. तळाला बोटभर तेल होतं, मुक्कामापर्यंत न पुरणारं. आस्लाकचा लाल तेलाचा डबा हलवला, तर रिकामा. शेवटचं होतं नव्हतं ते सगळं सकाळी धाकट्याच्या टाकीत गेलं होतं. स्वतःसाठी आस्लाकनं काही ठेवलंच नव्हतं.

योव्ना आपल्या गाडीकडे धावत गेला आणि नव्या तेलाचा डबा घेऊन आला.

"ते नको," कातड्यांतून दात वाजवत आवाज आला. "माझ्यात लाल आहे. गोठेल."

"तेलाच्या टाकीत नाही ओतत, दादा. सरळ पेट्रोलमध्ये ओततो, त्याच्याबरोबर इंजिनात जाईल, लालला लागणारच नाही. तू पड गप."

डब्याचं झाकण फिरेना. भावाला मारून बोटं सुजली होती, त्यांची पकडच बसत नव्हती. शेवटी योव्नानं ते दातांनी उघडलं.