जरीची तोरणं

केतकीचं लग्न झोकात व्हायला हवं होतं आणि खर्च बेताचा, म्हणून कुमुदमावशी महिनाभर बहिणीकडे येऊन राहिली. जुन्या जरीच्या साड्यांतून तिने मांडवाचे पडदे नि तोरणं शिवली. बघणारे थक्क झाले.

लग्नाच्या आदल्या दिवशी केतकी तिच्याजवळ बसली. मावशीच्या हातांवरच्या पांढऱ्या डागांकडे न बघता म्हणाली, "मावशी, तुझ्या कोडाचं सासरी कुणालाच माहीत नाही गं. उद्या तू घरीच थांबशील?"

मावशीने बहिणीकडे पाहिलं. बहीण खाली मान घालून तोरणांच्या घड्या घालत राहिली.

"थांबते की. घराला कुणीतरी हवंच," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सगळे कार्यालयात गेल्यावर तिने किल्ली शेजारी दिली. केतकीवर अक्षता पडल्या तेव्हा मावशी गावच्या एसटीत बसली होती, जन्मात पहिल्यांदाच दोन्ही हात पदराखाली झाकून.