करंगळी

विळीवर कैऱ्या चिरताना केतकीमावशीचं बोट कापलं, तशी ईरा धावत आली. उद्या ती परिचारिका म्हणून युद्धाच्या आघाडीवर निघणार होती आणि मावशीनं तिच्यासाठी लोणच्याचा घाट घातला होता.

“गप बस, मला बघू दे,” म्हणत ईरानं भराभर पट्टी गुंडाळली. ती हे शिकली नव्हतीच. आता भरती झालेल्या मुलींच्या हातांत कुणा जुन्या परिचारिकेच्या हातांचं कसब यंत्रानं उतरवत. आठवड्यात मुलगी तयार.

पट्टीचं टोक त्रिकोणी दुमडून ईरानं आत खोचलं आणि मावशीची करंगळी हळूच ओढली.

मावशी दचकली. “करंगळी का गं ओढलीस?”

“हात आपोआप ओढतात. आमच्या सगळ्याच मुलींचं तसं होतं. छावणीत हसून हसून पुरेवाट!”

चाळीस वर्षांपूर्वीच्या लढाईत पिना संपल्या, तेव्हा टोक खोचायची युक्ती केतकीबरोबरच्या परिचारिकेनं, शलाकानं काढली होती. करंगळी ओढणं मात्र निव्वळ वात्रटपणा. केतकी रडवेली झाली की ती करंगळी ओढून म्हणायची, “मेली नाहीस अजून, ऊठ!” एकदा डॉक्टरांनी शलाकाच्या हातांना तारा लावून काहीबाही नोंदून नेलं. पुढच्याच आठवड्यात तिच्या तंबूवर बॉम्ब पडला. तेवीस वर्षांची होती.

“हे हात कुणाचे, ते आम्हाला सांगतच नाहीत,” ईरा म्हणाली.

मावशीनं दुसरा हात पुढे केला. “याला पण बांध.”

“याला कुठे काय लागलंय?”

“बांध गं तू.”