लेकीचा बुरूज

दर दिवाळीला अंगणात वाळूची बादली ठेवल्याशिवाय दिगंबर कुणाला फटाक्याला काडी लावू देत नसे. "भुईनळा आडवा झाला तर पुढून जायचं नाही, मागून वाळू टाकायची," हे घरात सगळ्यांना पाठ होतं.

आज भुईनळा खरंच कलंडला आणि ठिणग्यांचा फवारा सुटला तो थेट त्याच्या बहिणीकडे. तिच्या पायाला प्लास्टर. खुर्चीतून उठणार कशी? दिगंबरने बादली उचलली. रिकामी! सगळी वाळू लेकीने दिवाळीच्या किल्ल्याला वापरली होती.

तो ओरडायच्या आत दहा वर्षांची शमिका किल्ल्याकडे धावली. आठ दिवस खपून उभारलेला बुरूज तिने दोन्ही हातांनी ओरबाडून काढला आणि बरोबर मागून जाऊन भुईनळ्यावर टाकला. भुईनळा फुसफुसत विझला. आत्याच्या साडीला साधा डागही लागला नाही.

थोड्या वेळाने किल्ले स्पर्धेचे परीक्षक आले. "अरेरे, बुरूज पडला वाटतं?"

शमिकाने मान खाली घातली. दिगंबरने तिचे मातीने माखलेले हात पुढे केले.

"पडला नाही, साहेब," तो म्हणाला, "लढला."