नमुन्याची बाटली

चोरून डिझेलात मिसळलं तरी ओळखू यावं, म्हणून सरकारनं रेशनच्या रॉकेलला निळा रंग दिला. इचोड्याच्या ढाब्यामागं ट्रकवाल्याला तेच रॉकेल विकताना पुरवठा निरीक्षक शामरावांनी रेशन दुकानदार चंपतरावला पकडलं.

"आता दुकान गेलं समज तुझं!"

"लेकरं हायेत साहेब," चंपतराव हात जोडून म्हणाला.

नमुन्यासाठी काचेची बाटली हवी होती. शामरावांचं घर जवळच, शिपाई तिथूनच घेऊन आला. बाटलीच्या तळाशी निळे थेंब होते. शामराव मान खाली घालून सीलसाठी लाखेची कांडी शोधू लागले.

चंपतरावनं सवयीनं बाटली भरली, बूच लावलं आणि हळूच विचारलं,


"कचेरीत नेता साहेब, का नेहमीसारखी बाईसाहेबायकडे देऊ?"