सरांची शिट्टी

“वहिनी, सरांची शिट्टी द्या. संग्रहालयात ठेवू, दर सामन्याआधी हीच वाजवू,” क्लबचे अध्यक्ष म्हणाले. फुटबॉलचे थोर प्रशिक्षक असलेले माझे यजमान जाऊन महिना झाला होता. “खेळाडू म्हणतात, या शिट्टीत जादू होती.” जादू कसली! घरीही ती गळ्यातच असायची. एकदा वाजली की पाणी, दोनदा वाजली की ताट. चाळीस वर्षांत नावाने हाक म्हणून नाही. “उद्या आणून देते हं,” मी म्हणाले. संध्याकाळची प्रार्थना झाल्यावर मेणबत्तीचं वितळलेलं मेण शिट्टीत काठोकाठ ओतलं. दुसऱ्या दिवशी भरल्या मैदानात अध्यक्षांनी ती ओठांना लावली. सवयीने मी खुर्चीतून अर्धी उठले. त्यांचे गाल फुगले, चेहरा लालबुंद झाला, आवाज फुटेना. “वहिनी, ही वाजत का नाही?” “चाळीस वर्षं राबली हो, दमली असेल,” म्हणत मी ऐसपैस बसले.