मागे घेताना

त्याची उभी हयात बस चालवण्यात गेली, पण स्वतःची गाडी मागे घ्यायची म्हटली की त्याला बायकोचा आवाज लागायचा. निवृत्तीनंतर दोघांनी जुन्या मिनीबसमध्ये पलंग आणि शेगडी बसवून चाकांवरचं घर केलं, तेव्हापासूनची ही पद्धत. मुक्कामाची जागा आली की ती उतरून मागे उभी राहायची. "येऊ द्या, येऊ द्या..." आणि जागा संपली की पत्र्यावर दोन थापा. त्याने आरशात पाहिलं तर रुसायची. "माझ्यावर भरवसा नाही वाटतं?" मग तो पाहायचाच नाही.

या खेपेला लेक म्हणाली होती, "बाबा, आईला आता नका नेऊ." त्याने कानाडोळा केला होता.

समुद्राकाठच्या रस्त्यावर आज अगदी कड्यावरची जागा मिळाली. ती हौसेने उतरली. "येऊ द्या, येऊ द्या..." तो सावकाश मागे येत राहिला. आवाज थांबला, पण थापा काही पडेनात. करकचून ब्रेक दाबून त्याने आरशात पाहिलं. मागे नुसतं पाणी.

ती त्याच्या खिडकीशी येऊन उभी होती, कपाळाला आठ्या घालून.

"भाऊ, तुमची गाडी जरा पुढे घेता का? इथे आमचे हे लावणारेत. आणि माझ्याशिवाय त्यांना मागे घेता येत नाही हो."