काचेची पेटी

नेब्रास्कातल्या त्या छोट्या ठाण्यात ड्यूटीचं पिस्तूल आता ज्यानं त्यानं आपलं आपणच आणायचं. नुकतीच भरती झालेली मार्लिस शेरीफना म्हणाली, "वर्न काका, परवडेल असं एखादं जुनं सांगा ना."

"अगं, ठाण्यातली जुनी पिस्तुलं आम्ही चौकातल्या दुकानात विकलीत, त्यातलंच एक उचल. मूठ आणि स्प्रिंग तेवढी बदल, नव्याच्या तोंडात मारेल बघ!"

निघताना मार्लिसनं दारातल्या काचेच्या पेटीला रोजच्यासारखा हात लावला. ड्यूटीवर गोळी लागून गेलेल्या तिच्या बाबाचं पिस्तूल काकांनी तिथे जपून ठेवलं होतं.

दुकानातून एक पिस्तूल घेऊन ती घरी आली आणि जुन्या मुठीचे स्क्रू तिनं काढले.



मुठीच्या आतल्या बाजूला बाबाच्या अक्षरात कोरलं होतं, 'माझी मार्ली, वय तीन.'